पाऊस बांधणाऱ्याची पोर

आमच्या गावात पाऊस का पडला नाही, याचं कारण शोधायला लोकांना लांब जावं लागत नसे. ते कारण वेशीबाहेर, तळ्याच्या अंगाला, आमच्या घरात राहायचं. आम्ही कुंभार. रांजण, माठ, चुली, आणि दिवाळीपासून उन्हाळा सरेपर्यंत विटा. विटा वाळायला ऊन लागतं आणि पिकाला पाऊस लागतो, एवढ्या एका गोष्टीवरून धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावाची ठाम समजूत होती की आपला माल भिजू नये म्हणून कुंभार पाऊस बांधून ठेवतो. बांधतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला आजवर एकाही शहाण्यानं नीट सांगितलेलं नाही. कुणी म्हणे भट्टीखाली मडकं पुरतो, कुणी म्हणे मडक्यात वारं कोंडतो. पुढं मी जन्मभर अंबाजोगाईत पोरांना भूगोल शिकवला, वारे शिकवले, समुद्राचे प्रवाह शिकवले, पण वारं मडक्यात कोंडायची विद्या काही माझ्या हाती लागली नाही. लागली असती तर ती मी कुणाकुणावर वापरली असती, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बऱ्या पाऊसकाळात हे सगळं चेष्टेवारी चालायचं. पारावरून कुणीतरी हाक मारायचं, गणपा, सोड की आता, लई दिवस बांधून ठिवलास. आणि आबा, म्हणजे माझे वडील, गाढवं हाकता हाकता म्हणायचे, सोडतो सोडतो, एवढी भट्टी उतरू द्या. सगळे हसायचे. आबाही हसायचे. मला आज त्या हसण्याचा फार राग येतो. ज्या वर्षी लोकांना हसू येईनासं झालं, त्या वर्षी तीच चेष्टा त्यांनी खरी धरली, आणि आबांनी तर इतकी वर्षं तिला हसून हो म्हटलेलंच होतं.

घर दोन खणांचं, मातीचं, पुढं मोठं अंगण. सकाळी जाग यायची ती चिखल तुडवल्याच्या आवाजानं. तळ्यातली माती, त्यात गाढवांची लीद, राख, भुसा, असं सगळं आदल्या दिवशी भिजत घालायचं आणि उजाडलं की आबा आणि माय दोघं त्यात उतरायची. पचाक पचाक असा तो आवाज. माय तुडवता तुडवता बहुतेक वेळा कुणाला तरी शिव्या देत असायची. पाणी न सोडणाऱ्याला, उधारी बुडवणाऱ्याला, गाढवाला, आणि कुणीच सापडलं नाही तर नशिबाला. पायांना त्या शिव्यांचा ताल असायचा. माझ्यात राग आला तो तिच्याकडून, आबांकडे तो मुळातच नव्हता. मग साचे निघायचे. लाकडी साच्यात चिखलाचा गोळा दाणकन आपटायचा, वरून हातानं सारखा करायचा, साचा उचलला की वीट जमिनीवर. न्याहारीपर्यंत हेच चालायचं. न्याहारीला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. डाळी-धान्य भाजून केलेलं मसाल्याचं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की झाली आमटी, भाजी नसली तरी अडत नाही. आमच्या घरच्या येसरात तिखट जास्त, आणि मधूनच दाताखाली कचकन माती यायची. आमच्याकडे सगळ्यालाच थोडी माती लागलेली असायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

गावातली शाळा नववीपर्यंत होती. दहावीच्या वर्गाला मंजुरी मिळायची तर आणखी एक खोली हवी होती, आणि खोली नव्हती. पोरं दहावीला एस.टी.नं धारूरला जायची. पोरींना कोण पाठवतंय? नववी झाली की पोरी घरी, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय करतात हे सांगायला नको. मी त्या वर्षी नववीत गेले, आणि माझ्या शेजारी बसायची ती सुमन. सुमन अप्पांची मुलगी. अप्पा म्हणजे गावचे पुढारी. विहिरी त्यांच्या, मळे त्यांचे, ग्रामपंचायतीत कुणी बसायचं आणि कुणी उठायचं तेही तेच ठरवायचे. एवढ्या मोठ्या घरची असून सुमनला दहावीला धारूरला पाठवणार नाही, हे अप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं. गावात वर्ग निघाला तर शिक म्हणाले. म्हणजे त्या एका खोलीवर तिचंही अडलं होतं आणि माझंही.

त्या उन्हाळ्यात गावानं बैठक घेतली आणि खोली आपणच बांधायची ठरवली. माती तळ्याची. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, जळणासाठी प्रत्येक घरानं भाराभर द्यायची. विटा पाडून भाजायचं काम आबांचं, गावासाठी, फुकट. आबा बैठकीत उभे राहून हो म्हणाले. घरी आले ते पायसुद्धा न धुता मला म्हणाले, "मंदे, तुझ्या दहावीच्या भिंती म्या भाजनार हाय." माय म्हणाली की आधी पाय धुवा, भिंती मग भाजा. पण तीही त्या दिवशी कुणाला शिव्या देत नव्हती.

भूगोलाला शिंदे सर होते. परजिल्ह्यातले, नव्यानं लागलेले, पांढरा शर्ट, विद्यापीठातून एम.ए. झालेले. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, तरी एक सांगते, शिकवावं तर त्यांनीच. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तळं, आणि त्याला त्या वर्षी भेगा पडल्या होत्या. सरांनी सुमनच्या घरून पितळेची परात मागवली, तिच्यात पाणी ओतलं आणि वर चिमूटभर हळद भुरभुरली. सुमनला म्हणाले, एका काठाला तोंड लावून हळूहळू फुंक, थांबू नकोस. ती फुंकत राहिली आणि हळद सरकत सरकत पलीकडच्या काठाला जाऊन साचली. सर म्हणाले की ही हळद म्हणजे पॅसिफिक महासागराचं उन्हानं तापलेलं वरचं पाणी, आणि सुमनची फुंकर म्हणजे तिथले व्यापारी वारे. हे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहतात आणि कोमट पाणी ढकलत आशियाच्या बाजूला नेऊन साठवतात. तिकडं पेरू देशाच्या किनाऱ्याला त्याची जागा भरायला खोल तळातलं गार पाणी वर येतं. जिथं पाणी कोमट तिथं वाफ, तिथं ढग, तिथं पाऊस. एवढ्यात सुमनचा दम संपला, ती थांबली, आणि हळद सावकाश परत तिच्याकडं यायला लागली. सर म्हणाले, "बघा. काही वर्षी ते वारे असेच दमतात. कोमट पाणी उलटं पेरूकडं सरकतं, त्याच्या मागं ढग सरकतात, आणि आपल्याकडचा मोसमी पाऊस बहुतेक वेळा अडखळतो. याला एल निनो म्हणतात."

मग त्यांनी सगळाच समुद्र हलवून दाखवला. विषुववृत्ताजवळ तापलेलं पाणी वर उत्तरेकडं जातं आणि युरोपच्या थंड देशांना ऊब देतं. तिथं ते गारठतं, खारटपणानं जड होतं, तळाला बुडतं, आणि तळातून शेकडो वर्षं रांगत रांगत जगाला फेरी घालतं. वर्गातली पोरं जांभया देत होती. मला ते सगळं दिसत होतं, कारण तापलेलं वर जातं आणि गार त्याची जागा घेतं हे मी भट्टीच्या तोंडाशी बसून लहानपणापासून बघत आले होते. घरी येऊन मी आबांना सांगितलं. ते साचा धूत होते. ऐकून घेतलं, थोडा विचार केला, आणि विचारलं, "तिकडच्या कुंभाराला धरत असतील का गं लोकं?" माय चुलीपाशी बसून म्हणाली की समुद्रात एवढं पाणी असेल तर एक रांजणभर इकडं धाडा म्हणावं तुझ्या सरांना.

मृग कोरडा गेला. आर्द्रात थोडी भुरभुर झाली, तेवढ्यावर लोकांनी पेरलं, आणि उगवलेलं सगळं हळदीसारखं पिवळं पडून जळालं. आड आटले. टँकर सुरू झाला, एक दिवस आला तर दोन दिवस नाही. लिंबाचा पाला बांधून पोरं पावसासाठी दारोदार धोंडी मागत फिरली. महादेवाला पाण्यात कोंडलं, म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात पिंड बुडेपर्यंत पाणी भरलं, आणि ते पाणी बायांनी घागरीनं, टँकरच्या वाटणीतून दिलं. आभाळ ढिम्म हललं नाही. अप्पांच्या मळ्यातला ऊस तेवढा हिरवागार उभा होता, कारण त्यांच्या विहिरीला पाणी होतं, आणि ते पाणी कुणी बांधलंय असं गावात कुणी कधी म्हटलं नाही.

एरवी मृग निघाल्यावर कुंभार भट्टी रचत नाही. आबांच्या धंद्याच्या भट्ट्या उतरेपर्यंत उन्हाळा संपत आला होता, आणि शाळेच्या विटा पाडायच्या राहिल्या होत्या. पाऊस लांबला तशा त्यांनी त्या पाडल्या. कडक उन्हात सुरेख वाळल्या. आणि मग आबांच्या हातून ती चूक झाली. पिठाच्या गिरणीत दळणाला थांबले असताना कुणीतरी खोलीचं विचारलं, तर ते खुशीत म्हणून गेले, "आबाळ कोरडं हाय तर हाय, तेवढ्यात शाळंची भट्टी काढून घेतो." यात काय वाईट होतं? पण पाऊस नसलेल्या वर्षी कोरडं आभाळ बरं पडलं असं कुंभारानं चारचौघांत म्हणायचं नसतं. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. आबांनाही कळत होतं. पण काम शाळेचं होतं, पोरीच्या वर्गाचं होतं, त्या आनंदात भान राहिलं नाही. त्यांचं पीठ घरी येईपर्यंत गावात बोलणं पसरलं की गणपाला पाऊस नकोय, गणपा म्हणतो आधी माझी भट्टी. त्यात भट्टी पेटवली तेव्हा आबांनी रिवाजाप्रमाणं तिच्या माथ्यावर काळं मडकं पालथं घातलं. नजर लागू नये म्हणून आमचे सगळे घालतात. झालं, लोकांना पुरावाच सापडला.

श्रावण सरत आला होता. भट्टी आतून धगधगत होती, वरच्या भेगांतून निळसर धूर यायचा. भट्टी एकदा पेटली की ती आपोआप निवेपर्यंत तिला हात लावायचा नसतो. आतली वीट तेव्हा ना कच्ची ना पक्की. सकाळची उन्हं वर आली असतील, आबा आणि मी भट्टीच्या तोंडाशी होतो, आणि तळ्याच्या वाटेनं माणसं येताना दिसली. पुढं अप्पा, मागं निम्मं गाव, आणि सगळ्यांच्या मागं टँकर. टँकर आमच्याकडं कधी वळत नसे, म्हणून मला आधी बरंच वाटलं. मी मायला हाक मारून घागरी आण म्हटलं. टँकरच्या मागं गावातल्या बायाही हंडे-घागरी घेऊन चालत आल्या होत्या, त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शिंदे सर होते. शाळेच्या विटांचा विषय म्हणून त्यांना बोलावून आणलं होतं.

अप्पा कधी ओरडत नसत. ज्याचं सगळेच ऐकतात त्यानं ओरडायचं काय म्हणून? ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गणपा, तू आपला मानूस. कबूल कर अन् सोड. भट्टीला आमी हात लावनार न्हाई." आबांना आधी ती नेहमीची चेष्टा वाटली. ते हसायला गेले, पण समोर कुणीच हसत नव्हतं. मग ते म्हणाले की अप्पा, ही शाळेची भट्टी आहे, यात तुमच्याच घरची पऱ्हाटी जळतेय, मी कशाला पाऊस बांधू. मागून कुणीतरी म्हणालं, मग ते मडकं कावून पालथं घातलंय? आणि सगळे माना हलवायला लागले.

मी शिंदे सरांकडं बघत होते. सगळ्या गावात एक माणूस असा होता ज्याला पाऊस कुठं अडलाय ते माहीत होतं. परात, हळद, फुंकर, पेरूचा किनारा, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी नुसतं तोंड उघडायचं होतं. लोकांनी ऐकलं असतं की नसतं ते पुढचं. मी म्हटलं, "सर, सांगा की ह्यांना." सर आपल्या चपलांकडं बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मंदा, मोठी माणसं बोलताहेत." एवढं बोलले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पन्नाशी उलटली, साठी उलटली, नातवंडं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून हाताच्या मुठी वळतात.

तेवढ्यात बायांच्या गर्दीतून सुमन पुढं आली. वडिलांना ती दादा म्हणायची, पण त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलत नसे. म्हणाली, "दादा, ह्या आमच्या वर्गाच्या इटा हायत." अप्पांनी तिच्याकडं न बघता तिला घरी जा म्हणून सांगितलं. ती गेली नाही, तिथंच उभी राहिली. आबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग भट्टीकडं बघितलं. आणि हात जोडले. "म्या बांधला. चुकलं माझं. सोडतो म्या, पर भट्टी राहू द्या. पोरींच्या शाळंची हाय." असं म्हणून ते शिडीवरून वर चढले, ते काळं मडकं उचलून खाली आणलं आणि सगळ्यांसमोर जमिनीवर उताणं ठेवलं. त्यांचे हात पोळले होते. मी आयुष्यात एवढं धडधडीत खोटं आणि एवढं चांगलं बोलणं एकाच माणसाच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

मला वाटलं वाचलो. मग अप्पा शांतपणे म्हणाले, "कबूल झालास ते बरं केलंस. आता जिथं बांधला ती जागा इझवाय पायजे." कबूल केलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. पण कबूल केल्यावर त्यांना थांबायला कारणच उरलं नाही. गुन्हेगार सापडला होता, तोही आपल्या तोंडानं. टँकरवाल्यानं नळी सोडली. प्यायचं पाणी. बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन बघत होत्या आणि ते पाणी धगधगत्या भट्टीत पडत होतं. वाफेचा लोट उठला, आत विटा तडातड फुटायला लागल्या, भट्टीची एक बाजू खचून खाली आली. गरम गढूळ पाण्याचे ओहोळ आमच्या अंगणापर्यंत वाहत आले. एका म्हातारीनं वाकून त्या ओहोळाखाली घागर धरली. मी मायकडं बघितलं. आता ही एकेकाचा उद्धार करणार असं वाटलं. पण माय शिव्या देईना. ती खाली बसून राहिली होती.

आणि पाऊस आला. लगेच नाही, पण उत्तरा नक्षत्रात आला, आणि सलग बरसला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तो जमिनीवर चढून मध्य भारतातून आमच्याकडं सरकला, एवढी साधी गोष्ट. केजला पडला, माजलगावला पडला, शिरूर कासारला पडला. तिथलेही पाऊस आबांनीच बांधले होते की काय? पण गावाला हे विचारणार कोण. गावानं मारुतीपुढं आबांना बोलावून टॉवेल-टोपी घातली, नारळ दिला. गणपानं शब्द पाळला म्हणाले. आबांनी टोपीसाठी मान खाली केली. त्या वाकलेल्या मानेचा मला बरीच वर्षं राग होता. आता नाही. टोपी नाकारून त्यांनी जायचं कुठं होतं, राहायचं तर त्याच माणसांत होतं. राग आहे तो टोपी घालणाऱ्यांवर आहे, आणि तिथं पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवणाऱ्या शिंदे सरांवर आहे.

भट्टीतून निघाला तो नुसता चुरा. ज्या थोड्या विटा धड होत्या त्या अर्ध्याकच्च्या, त्या पावसात विरघळून गेल्या. लोक म्हणाले खोली पुढच्या वर्षी बघू. पाऊस झाला होता, रब्बीची ज्वारी पेरायची घाई होती, आणि खोलीबिली कुणाच्या ध्यानात नव्हती. मी एकदा वर्ग सुटल्यावर सरांना गाठलं आणि विचारलं की हा पाऊस कुठून आला. त्यांनी अगदी बरोबर सांगितलं, कमी दाबाचा पट्टा, बाष्प, सगळं. मग मी म्हटलं, हे पारावर सांगा. सर इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मला या गावात नोकरी करायची आहे, मंदा." मला माझ्या मामांनी अंबाजोगाईला न्यायचं कबूल केलं होतं, म्हणून मी पुढं शिकले. त्यात माझी काही करामत नाही. सुमनला तसा मामा नव्हता. तिची सुपारी फुटली, नववीची परीक्षा झाली की लग्न.

परवा टीव्हीवर आमच्या भागातले एक पुढारी बोलत होते. पाणी नाही, पीक नाही, टँकर नाही, त्यावर त्यांना काय उपाय केले म्हणून विचारलं, तर चेहरा पाडून म्हणाले की यंदा एल निनो आहे, त्याला आपण काय करणार. मी ज्यासाठी जन्म घालवला तो शब्द त्यांच्या तोंडात ऐकून माझं डोकंच फिरलं. अरे, समुद्र तापला म्हणून पाऊस कमी झाला हे खरं, तेही दर वेळी होतंच असं नाही, पण तळ्यातला गाळ समुद्रानं भरला का? कोरडवाहू मुलखात उसाला पाणी समुद्रानं पाजलं का? तेव्हा सगळं पाप आमच्या भट्टीवर टाकलं, आता पेरूच्या किनाऱ्यावर टाकतात. टीव्ही बंद केला, तर सून म्हणाली, आई, तुमचं बीपी वाढेल. वाढू दे म्हटलं.

मी अजून नववीत असताना, हिवाळा संपता संपता शाळेची तपासणी आली. जिल्ह्याहून साहेब आले. आमच्या वर्गात खुर्च्या मांडल्या, एका खुर्चीवर साहेब, शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून अप्पा. शिंदे सर फळ्यापाशी उभे, शर्ट नेहमीपेक्षा पांढरा. साहेब खुशीत होते. भूगोलाचा तास आहे कळल्यावर म्हणाले की सोपा प्रश्न विचारतो, यंदा आपल्याकडं पाऊस एवढा उशिरा का आला, कोण सांगेल? वर्गात परात ठेवून हाच धडा झाला होता, आणि त्या परातीत दम संपेपर्यंत फुंकणारी पोर माझ्या शेजारीच बसली होती. तिनं हात वर केला. सरांचा चेहरा उजळला, कारण सुमन कधी चुकत नसे.

सुमन उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "गणपा कुंभारानं बांधला होता, साहेब."

मला वाटलं हीसुद्धा त्यांच्यातलीच निघाली. पोरं खुदखुदली. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, "समद्या गावानं. आमचे दादा होते, सर बी होते तिथं." साहेब सरांकडं वळले आणि म्हणाले, काय हो शिंदे, हे शिकवता? अप्पा छताकडं बघत होते. सरांना घाम फुटला. एका बाजूला अप्पा, एका बाजूला साहेब, आणि साहेब मोठे होते. सरांनी खडू उचलला. म्हणाले, "चूक आहे, सुमन. पाऊस कुणी बांधत नसतं." आणि मग फळ्यावर महासागर काढला, वाऱ्यांचे बाण काढले, कोमट पाणी, गार पाणी, पेरूचा किनारा, मोसमी वारे, कुठंही न अडखळता सगळं सांगितलं. इतकं सुंदर त्यांनी आम्हालाही कधी शिकवलं नव्हतं. अप्पांनी ते सगळं ऐकलं, शांतपणे, मधे एक शब्द न बोलता. म्हणजे तेव्हा सर बोलले असते तर तेव्हाही ऐकलं असतं. साहेबांनी मान डोलावली आणि सुमनला बस म्हणून खुणावलं.

ती बसली नाही. सरांचं बोलणं पुरतं संपेपर्यंत थांबली होती, आता म्हणाली, "मग त्या दिवशी भट्टीपाशी कावून बोलला न्हाईत, सर?"

सरांचा खडू फळ्यावर टेकलेला होता, तो तिथंच राहिला. साहेबांनी विचारलं, कोणती भट्टी? मग अप्पा खुर्चीवरून उठले आणि साहेबांना म्हणाले, चला, चहा गार व्हतोय. साहेब उठले, त्यांच्या मागं अप्पा गेले, आणि त्यांच्या मागं हातातला खडू तसाच घेऊन शिंदे सरही गेले. सुमन उभीच होती. तिला बस म्हणायलाही वर्गात कुणी राहिलं नव्हतं.